महापौर होण्याआधीचा सुट्रो

ॲडॉल्फ सुट्रो १८९५च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला, तेव्हा त्याने चौसष्टी गाठली होती. आयुष्यातली बहुतेक मोठी कामं तोवर उरकली होती. म्हणूनच त्याचा मागोवा महापौरपदापासून घेतला, तर हाती फार थोडं लागतं.

जन्म १८३०चा, प्रशियातल्या आखेन शहरातला. घर ज्यू, धंदा कापडाचा. वडील गेले, धंदा डबघाईला आला आणि १८५०मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेला निघालं. ॲडॉल्फ पनामामार्गे थेट कॅलिफोर्नियात उतरला. भोवताली सोन्याचा ज्वर होता, पण हा तंबाखू आणि सिगार विकायला बसला. पुढे शेजारच्या नेवाडात कॉमस्टॉक नावाच्या शिरेत चांदी सापडली, तेव्हा तो तिकडे गेला आणि खनिज कुटायची गिरणी त्याने चालवली.

तिथल्या खाणी जसजशा खोल जात होत्या, तसतसं उकळतं पाणी आणि कोंदट हवा माणसांचा जीव घेत होती. सुट्रोला एक उपाय दिसला. खालच्या दरीतून डोंगराच्या पोटात सहा किलोमीटरहून लांब बोगदा काढायचा. पाणी आपल्या उताराने वाहून जाईल, हवा खेळेल, खनिजही त्याच वाटेने बाहेर येईल. खाणमालकांनी टनामागे दोन डॉलर द्यायचं कबूल केलं. पण सगळं खनिज बोगद्यातून गेलं, तर आपल्या गिरण्यांचं काय, हे बँक ऑफ कॅलिफोर्नियाच्या लक्षात आलं. १८६७मध्ये बँकेने पाठ फिरवली आणि तिच्या धाकाने खाणमालकांनीही.

७ एप्रिल १८६९ रोजी यलो जॅकेट खाणीत आग लागली. निदान ३५ कामगार मेले. सुट्रो खाणींजवळच्या व्हर्जिनिया सिटी गावाच्या नाट्यगृहात उभा राहिला आणि त्याने कामगारांपुढे सरळ बँकेवर तोफ डागली. सुटकेची दुसरी वाट असती, तर ही माणसं वाचली असती, हे त्याचं म्हणणं त्यांना पटलं. खाणकामगारांच्या संघटनेने ५०,००० डॉलर उभे केले. त्याच ऑक्टोबरात पहिली कुदळ पडली आणि ८ जुलै १८७८ला बोगदा सॅव्हेज खाणीला जाऊन भिडला. तोवर कॉमस्टॉकची चांदी ओसरत आली होती, खाणी बोगद्याच्याही खाली गेल्या होत्या. पाण्याचा निचरा मात्र पुढे कितीतरी वर्षं होत राहिला. सुट्रोने लवकरच आपले समभाग विकले. त्याने हा व्यवहार वेळेवर साधला, पण त्याच्यावर भरवसा ठेवून मागे राहिलेल्यांचे हात पोळले, हेही नोंदवायला हवं.

सॅन फ्रान्सिस्कोला परतून त्याने वाळूचे ओसाड पट्टे घेतले, टेकड्यांवर झाडं लावली, समुद्रकाठची आपली बाग लोकांना खुली केली. समुद्रावर जायला रेल्वे दुप्पट भाडं घेते हे पाहून तो भडकला आणि पाच सेंटात नेणारी स्वतःची विजेची गाडी काढायचं त्याने ठरवलं. या भांडणानेच तो लोकांचा लाडका झाला. पीपल्स पार्टीच्या तिकिटावर तो १८९४मध्ये निवडून आला.

कारकीर्द मात्र फिकी गेली. महापौराचे अधिकार तुटपुंजे होते आणि सुपरव्हायझर्सशी, म्हणजे तिथल्या नगरसेवकांशी, जुळवून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रेल्वे कंपन्यांच्या सरकारी कर्जाला मुदतवाढ देणाऱ्या विधेयकाविरुद्ध तो तडफेने लढला. ती लढाईसुद्धा खुर्चीतल्या प्रशासकाची नव्हती, बाहेरून धडका देणाऱ्या माणसाची होती. माझ्या मते त्या काळातलं त्याचं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे वैद्यकीय आणि इतर महाविद्यालयांसाठी पार्नासस टेकडीवर दिलेली १३ एकर जमीन. आजचं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं तिथलं वैद्यकीय संकुल त्याच जागेवर वाढलं.

१८९६मध्ये त्याची भव्य स्नानगृहं उघडली. काचेच्या छताखाली सात तलाव, बहुतेक समुद्राच्या पाण्याचे, आणि प्रवेश दहा सेंट. पण पुढच्याच वर्षी एका कृष्णवर्णीय नागरिकाला तिथे पोहायला मज्जाव झाला. त्याने राज्याच्या नव्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला आणि जिंकला. सामान्यांसाठी मक्तेदारांशी भांडणाऱ्या माणसाच्या दारात हे घडलं, याचं वाईट वाटतं.

सुट्रो १८९८मध्ये गेला. स्नानगृहं १९६६च्या आगीत जळली. त्याने दोन लाखांहून अधिक ग्रंथ जमवले होते. त्यांतले निम्म्याच्या आसपास १९०६चा भूकंप आणि त्यानंतरच्या आगीत गेले. उरलेले सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या आवारातल्या सुट्रो ग्रंथालयात आहेत. बे एरियातल्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना गोल्डन गेट पूल दाखवून झाल्यावर एक दुपार या ग्रंथालयासाठीही काढावी.