बीडची ऑर्डर, मुंबईचा सर्व्हर

बीडमध्ये मोबाइलवर शेअरची ऑर्डर टाकली, की ती आधी ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथं मार्जिन तपासून ती राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेकडं धावते. भाव सारखा असेल तर आधी पोहोचलेल्या ऑर्डरचा नंबर आधी. म्हणून मायक्रोसेकंदालाही किंमत. खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी डिस्कवर न शोधता मेमरीतच जुळवतात. मोठे ब्रोकर बाजाराच्याच डेटा सेंटरमध्ये सर्व्हर ठेवतात. तिथं केबलची लांबीही सगळ्यांना सारखी द्यावी लागते.

त्या शर्यतीत छोट्या गुंतवणूकदारानं उतरूच नये. त्याच्या दृष्टीनं बाजार बंद न पडणं जास्त मोलाचं. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दूरसंचार जोडण्या बिघडल्या आणि 11.40 पासून 3.45 पर्यंत व्यवहार ठप्प झाले. पुढच्याच महिन्यात बाजार नियामक सेबीनं नियम कडक केला: आपत्ती जाहीर केल्यावर 45 मिनिटांत पर्यायी केंद्रातून कामकाज सुरू व्हायला हवं.