न सांगितलेले आणि न विचारलेले : ‘मी माझ्या आईला मारले’ या चित्रपटातील मायलेकांचे नाते

कुमारवयीन समलिंगी मुलगा आणि त्याची आई यांच्यात दुरावा निर्माण झाला, की त्याचे कारण मुलाची लैंगिकता हेच असणार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ‘झे त्युए मा मेर’ (मी माझ्या आईला मारले) हा २००९ मधील फ्रेंच चित्रपट विशेष उपयुक्त आहे. दिग्दर्शक झाविये दोलाँ यांचा जन्म १९८९ चा. किशोरवयातच त्यांनी ही पटकथा लिहिली आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. कान महोत्सवातील ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात चित्रपटाला तीन पुरस्कार लाभले. शीर्षकातील हत्या अर्थातच प्रतीकात्मक आहे.

प्रथम पार्श्वभूमी लक्षात घ्यावयास हवी. १९६० च्या दशकातील ‘शांत क्रांती’मुळे क्वेबेकच्या समाजजीवनावरील कॅथलिक चर्चची पकड सैल झाली. १९६९ मध्ये कॅनडाने प्रौढांमधील खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यांतून वगळले. १९७७ मध्ये क्वेबेकने लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावास आपल्या मानवी हक्कांच्या सनदेत मनाई केली. २००४ मध्ये तेथे समलिंगी विवाहास मान्यता मिळाली. म्हणजे कथानायक युबेर याला कायद्याचे भय नाही. तरीही तो आईला काही सांगत नाही. हे मौन कशातून येते, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

युबेर आणि त्याची आई शांताल यांची भांडणे क्षुल्लक गोष्टींवरून होतात. जेवताना तिच्या ओठांना लागलेले चीज, तिचे कपडे, घरातील भडक सजावट यांची त्याला किळस येते. मोटारीत बसल्याबरोबर वादाला तोंड फुटते. शाळेत तर ‘माझी आई वारली आहे’ असे तो बिनदिक्कत सांगतो. ती स्वतः शाळेत येऊन उभी राहते, तेव्हा खोटेपणा उघडा पडतो. मात्र एकांतात, कॅमेऱ्यासमोर दिलेल्या कृष्णधवल कबुलीजबाबांत, हाच मुलगा आईवरील प्रेम आणि तिरस्कार एकमेकांपासून वेगळे करू पाहतो आणि त्याला ते जमत नाही.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग साधा आहे. युबेरचा मित्र आंतोनँ याची आई मोकळ्या स्वभावाची आहे. दोघा मुलांचे प्रेमसंबंध आहेत, हे ती शांतालशी बोलताना सहज सांगून जाते; शांतालला ठाऊक असणारच, अशी तिची समजूत असते. शांताल सावरते, ठाऊक असल्यासारखे दाखवते. तिला लागते ते दुसऱ्याच ठिकाणी : आपल्या मुलाची गोष्ट दुसऱ्या आईला आपल्याआधी कळली. समलिंगी म्हणून ती मुलाचा धिक्कार करीत नाही. दुखावतो तो तिचा आई म्हणून असलेला अधिकार.

पुढे युबेरला वसतिगृहाच्या शाळेत धाडले जाते. त्या निर्णयापुरता, कधीचा वेगळा राहत असलेला बाप पुढे येतो. तेथे मुलाला मारहाण होते आणि तो पळून जातो. घरात पुरुषाचा धाक नाही, असे मुख्याध्यापक दूरध्वनीवर सुचवतात, तेव्हा शांतालचा स्फोट होतो. एकटीने मूल वाढविणाऱ्या स्त्रीचा सारा संताप त्या उत्तरात आहे. येथे प्रेक्षकाला उमगते, की आजवर आपण केवळ मुलाची बाजू ऐकत होतो. याआधीच्या एका प्रसंगी, मी आज मेलो तर काय करशील, असे विचारून युबेर उत्तराची वाट न पाहता निघून जातो. तो दूर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणते, की उद्या तीही जगणार नाही. उत्तर आहे, ऐकणारा नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाट्यस्वगताची आठवण व्हावी. तेथे मुलाची समलैंगिकता समजल्यानंतरचे आईचे मन तिच्याच तोंडून उलगडते. दोलाँ मुलाच्या डोळ्यांतून पाहतात, दातार आईच्या. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या म्हणजे जो संवाद घरात व्हावयास हवा होता, त्याच्या दोन बाजू हाती येतात.

आपल्या भाषेत बापाला पुष्कळ घरांतून ‘अहो बाबा’ म्हणतात, आईला मात्र ‘ए आई’. भांडण्याची मुभाही या ‘ए’मध्येच आहे. परंतु जिच्याशी वाटेल ते बोलता येते, तिलाच एक गोष्ट सांगता येत नाही, हा या नात्यातील पेच होय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा ठरविणे रद्द केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र विवाहाचा हक्क मान्य केला नाही. कायद्याची वाट अजून उरली आहेच. तथापि क्वेबेकमध्ये ती बरीचशी चालून झाल्यावरही स्वयंपाकघरातील मौन शिल्लक राहिले, हे हा चित्रपट दाखवितो. ते मौन फोडण्याचे ओझे एकट्या मुलावर टाकता येणार नाही. सांगणे हे जसे मुलाचे धाडस, तसे ऐकून घेईन असा भरवसा आधीच देऊन ठेवणे, हे आईचे.