चेंडूफळाचे भाऊबंद

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या फाटकापाशी चेंडूफळाचे एक उंच झाड आहे. हिवाळ्यात त्याच्या लांब देठांवर गोल गोल चेंडू लोंबू लागतात. आपण क्षणभर वर पाहतो आणि तासाला निघून जातो. या झाडाचे भाऊबंद उष्ण प्रदेशातल्या पर्जन्यवनांत वाढतात आणि त्यांच्या शेंगा व बिया लोक मोठ्या आवडीने खातात, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले एका भांडणामुळे.

वसतिगृहात आमच्या मजल्यावर मणिपूरचा एक विद्यार्थी राहतो. सुट्टीवरून परतताना त्याने हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा आणल्या होत्या. त्याने त्या सोलायला घेतल्या आणि मजलाभर उग्र दर्प पसरला. मुलांनी लेखी तक्रार केली, शेंगा कचऱ्यात गेल्या. त्या कागदावर माझीही सही होती.

पुढे मन खाऊ लागले म्हणून मी ग्रंथालयात या झाडाचा शोध घेतला. मणिपुरात त्याला ‘योंगचाक’ म्हणतात. शास्त्रीय भाषेत हे पार्किया कुळीतले झाड. या कुळीत सुमारे ३५ जाती आहेत आणि त्या अमेरिका, आफ्रिका व आशिया या तिन्ही खंडांत आढळतात. नायजर नदीचा शोध घेणारा स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क १८०६ साली त्याच नदीत मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२६ साली या कुळीला हे नाव दिले.

योंगचाकचा सख्खा भाऊ म्हणजे मलेशिया, इंडोनेशिया व दक्षिण थायलंडच्या अरण्यांतला ‘पेताई’. याच्या पीळ पडलेल्या लांब शेंगा झुबक्यांनी लोंबतात. आत बदामाएवढ्या चपट्या, हिरव्या बिया असतात. त्या कच्च्या, भाजून किंवा मिरचीच्या वाटणात कोळंबीबरोबर परतून खातात. शेंग अगदी कोवळी असेल तर सालीसकट खातात.

जो चेंडू आपण पाहतो ते एक फूल नव्हे. तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ आहे. त्यात कामाची वाटणी असते. देठाकडची फुले फक्त मध देतात, फळ धरीत नाहीत. फळ धरण्याचे काम बाकीच्यांचे. फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री वटवाघळे येतात. मध पिताना त्यांच्या अंगाला पराग लागतो व तो पुढच्या झाडावर पोचतो. गुच्छ पानांपासून दूर, लांब देठावर का लोंबतो, हे आता उमगते. वटवाघळाला पंख पसरायला मोकळी जागा हवी. यांतली काही वटवाघळे चुनखडीच्या गुहांत राहतात. दगडासाठी गुहा फोडल्या, तर दूरच्या रानातल्या शेंगाही कमी होतील.

आता वासाविषयी. पेताईचा दर्प येतो तो बियांतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे. लसणाचा आणि हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. म्हणजे ज्या हिंगाच्या फोडणीशिवाय आमची आमटी होत नाही, त्याच्याच जातीच्या वासावर आम्ही तक्रार लिहिली होती! माझ्या बाबतीत तर दोष अधिकच मोठा. पहिल्या वर्षी मी घरून सुकटीची चटणी आणली, तेव्हा याच मजल्यावर मुलांनी नाके दाबली होती आणि मी डबा गच्चीवर नेऊन एकटाच जेवलो होतो. तरीही मी सही केली. बहुधा त्यामुळेच केली असेल.

हे सारे मी त्या मित्राला जाऊन सांगितले. तो रागावला नाही. त्याने सांगितले, की मणिपूरच्या खोऱ्यात पूर्वी परसापरसांत योंगचाक असे. आता रोगाने व किडीने पुष्कळ झाडे शेंड्याकडून वाळत जाऊन मेली आहेत. इंफाळच्या बायकांच्या बाजारात, इमा कैथेलमध्ये, बाहेरून येणाऱ्या शेंगा महाग पडतात. कचऱ्यात गेलेल्या त्या शेंगा त्याच्या आईने विकत घेतल्या होत्या.

यंदा त्याने पुन्हा शेंगा आणल्या. वरची साल खरवडून, बारीक चिरून, मिरची घालून त्याने ‘सिंजू’ नावाची कोशिंबीर केली. वास आलाच, खोटे कशाला सांगू? पण दुसऱ्या घासाला तो जिभेवर रुळला. मी दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मागच्या फाटकापाशी नेले. तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, “अगदी आमच्या घरासारखं झाड आहे. याच्या शेंगा इथे कुणीच खात नाही?” मला उत्तर देता आले नाही.