ॲड्रेस बारला चार शब्द शिकवा
(लेखमाला : संगणकाशी सलगी – लेखांक ७)

बँकेच्या, वीजबिलाच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या संकेतस्थळावर लोक कसे जातात, हे कुठल्याही कार्यालयात अर्धा तास बसून पाहावं. ब्राउझर उघडतात, बँकेचं नाव टाइप करतात, एंटर मारतात, निकालांची यादी आली की तिच्यातल्या पहिल्या ओळीवर क्लिक करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्या ऑफिसात दहा वर्षं नोकरी केली, त्याचा पत्ता रोज सकाळी नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारावा, तसा हा प्रकार. वेळ जातो तो जातोच. पण यादीत सगळ्यांत वर असते ती ओळ पुष्कळदा जाहिरात असते, आणि बँकांच्या नावानं थाटलेली बनावट पानं लोकांना गाठतात ती याही वाटेनं. म्हणून आजचा विषय घाईत असलेल्यांइतकाच सावध माणसांच्याही कामाचा आहे.

मागच्या लेखांकात बुकमार्क पाहिले. आज थोडं पुढे जाऊ. आधीच सांगून टाकतो, ‘शंभर उपयुक्त शॉर्टकट’ छापाच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांवर माझा विश्वास नाही. शंभर कोणी पाठ करत नाही आणि करायची गरजही नाही. चार पुरेत. कंट्रोल-एल दाबलं की माउसला हात न लावता कर्सर ॲड्रेस बारमध्ये जातो. चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी परत आणतं. कंट्रोल-९ शेवटच्या टॅबवर नेतं. आणि पत्ता लिहून नुसतं एंटर न मारता ऑल्ट-एंटर मारलं, तर समोरचं पान तसंच राहून नवं पान वेगळ्या टॅबमध्ये उघडतं. मॅकवाल्यांनी पहिल्या तिन्हींत कंट्रोलच्या जागी कमांड समजावं.

खरा फायदा कळांमध्ये नाही, ॲड्रेस बारमध्ये आहे. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा वर दोन खिडक्या असत : एक पत्त्यासाठी, एक शोधासाठी. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलनं क्रोम आणला आणि दोन्ही एक केल्या. सोय झाली, पण बँकेचा पत्ता लिहिणं आणि बँकेचं नाव शोधणं यांतला फरक लोकांच्या डोक्यातून पुसला गेला. त्या एकाच खिडकीला आपले खासगी शब्द शिकवता येतात, हे मात्र फारसं कोणी सांगितलं नाही.

उदाहरण घेऊ. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’च्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. भाषांतराचं काम करणाऱ्याला हे कोश दिवसातून वीस वेळा लागतात. दर वेळी संकेतस्थळ, मग कोशाचं पान, मग शोधाची चौकट, मग शब्द, इतक्या पायऱ्या. त्याऐवजी ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘एमओ’ ही दोन अक्षरं, मग टॅबची कळ, मग हवा तो मराठी शब्द आणि एंटर. थेट नोंद समोर.

हे कसं जमतं ते समजून घ्या, म्हणजे इतर कुठेही वापरता येईल. कोशाच्या पानावर एखादा शब्द शोधा आणि निकाल आल्यावर वरचा पत्ता पाहा. तुम्ही लिहिलेला शब्द त्या पत्त्यातच कुठेतरी बसलेला असतो. बाकी पत्ता दर वेळी तोच, बदलतो फक्त शब्द. मग त्या शब्दाच्या जागी टक्क्याची खूण आणि तिला चिकटून लहान लिपीतलं इंग्रजी एस एवढं लिहायचं. ब्राउझरला या दोन चिन्हांचा अर्थ कळतो : इथे मालक सांगेल तो शब्द भरायचा.

एक अडचण येते. चाचणीला मराठी शब्द घेतलात, तर पत्ता कॉपी केल्यावर तो सापडतच नाही, नुसते टक्के, आकडे आणि इंग्रजी अक्षरं दिसतात. कारण युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिली जाते. ‘पाणी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून चार चिन्हं, म्हणजे पत्त्यात छत्तीस खुणांची माळ. तेव्हा चाचणीला एखादा इंग्रजी शब्द घ्या. निकाल काहीही येवो, शब्द पत्त्यात चटकन दिसेल. पुढे मराठी शब्द दिलात की त्याची माळ ब्राउझर स्वतः करतो.

क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या ‘सर्च इंजिन’ विभागात ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’ असा पर्याय आहे. तिथे ‘साइट सर्च’समोर ‘ॲड’ केलं की तीन चौकटी येतात : नाव, शॉर्टकट आणि टक्का-एसवाला पत्ता. एजमध्ये मांडणी थोडी वेगळी, पण पाया क्रोमचाच असल्यामुळे गोष्ट तीच. फायरफॉक्सची जुनी रीत मला जास्त आवडते. तिथे हाच पत्ता साधा बुकमार्क म्हणून जपायचा आणि बुकमार्कांच्या व्यवस्थापनाच्या खिडकीत ‘कीवर्ड’ या चौकटीत आपला शब्द लिहायचा. टॅबची कळ लागत नाही, शब्दानंतर नुसती जागा सोडायची. शिवाय टक्का-एस नसलेल्या साध्या पत्त्यालाही कीवर्ड देता येतो. बँकेच्या खऱ्या पत्त्याला एकदा, पासबुकावरून किंवा कार्डावरून पडताळून, ‘बीके’ असा कीवर्ड दिला की ती शोधनिकालांची यादी आयुष्यातून गेली.

आता खास मराठी माणसाची पंचाईत. कळफलक मराठीवर असताना ‘एमओ’ टाइप होणार कसं? विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते, पण दोन अक्षरांसाठी भाषा बदलायची आणि पुढच्या शब्दासाठी परत फिरायचं, हा उपद्व्याप झाला. उपाय सोपा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर एमच्या कळेवर ‘स’ आहे आणि ओच्या कळेवर ‘द’. तोच पत्ता दुसऱ्यांदा नोंदवा आणि शॉर्टकट म्हणून ‘सद’ लिहा. वाचायला निरर्थक वाटेल, पण बोटं त्याच दोन कळा दाबतात. कळफलक इंग्रजी असो की मराठी, कोश उघडतोच. फोनेटिक वापरणाऱ्यांनी ‘मो’ लिहावं. ज्यांना एकाच अक्षरात भागवायचं आहे त्यांच्यासाठी केची कळ सोयीची, कारण इन्स्क्रिप्टमध्येही तिथे ‘क’च येतो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. मराठी विकिपीडिया, यूट्यूब, नकाशे, बहुतेक दुकानं इथे चालते, कारण तिथे शोधलेला शब्द पत्त्यात उमटतो. सातबारा पाहायला महाभूलेखवर गेलात, तर जिल्हा, तालुका, गाव असं एकेक निवडत जावं लागतं. तिथे टक्का-एस कामाचा नाही. अशा ठिकाणी नुसतं पान उघडण्यापुरता कीवर्ड ठेवा. निदान नावाशी मिळतीजुळती भलती संकेतस्थळं तरी टळतील.

डकडकगो या शोधयंत्रात असे हजारो शब्द आयते मिळतात. उद्गारचिन्हापुढे डब्ल्यू लिहिलं की विकिपीडिया, वाय-टी लिहिलं की यूट्यूब. ज्यांना काही मांडत बसायचा कंटाळा आहे त्यांना ते ठीक. मला मात्र आपले चार शब्द आपणच ठरवलेले बरे वाटतात. दुसऱ्यानं ठरवलेले लक्षात राहत नाहीत.

दुसरा भाग ब्राउझर सुरू करण्याचा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’ नावाच्या चौकटीत प्रोग्रामचा मार्ग लिहिलेला असतो. त्याच्या शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडून जे लिहाल, ती ब्राउझरला सुरू होतानाच दिलेली आज्ञा ठरते. एखादा पत्ता लिहिलात तर ब्राउझर त्या पानावर उघडेल. जागा सोडून तीन पत्ते लिहिलेत तर तीन टॅब. कर सल्लागाराच्या कार्यालयात जीएसटी, आयकर आणि बँक अशी तीन पानं रोज सकाळी लागत असतील, तर त्यांचा एक वेगळा आयकॉन करून ठेवावा. मूळ आयकॉनला हात न लावता त्याची प्रत काढून तिच्यात बदल करावा, हे बरं.

पत्त्यांखेरीज आज्ञाही देता येतात. क्रोममध्ये दोन डॅश आणि त्यांना चिकटून इंग्रजीत ‘इन्कॉग्निटो’ लिहिलं की त्या आयकॉनवरून नेहमी खासगी खिडकीच उघडते. दोन डॅश, ‘ॲप’, बरोबरचं चिन्ह आणि पत्ता असं लिहिलं, तर ते पान टॅब आणि ॲड्रेस बारविना, स्वतंत्र प्रोग्रामसारखं उघडतं. वाचनालयाच्या सूचीसाठी ठेवलेल्या संगणकाला ‘किऑस्क’ ही आज्ञा उपयोगाची, कारण ती पान पूर्ण पडदाभर लावते. एक मेख लक्षात ठेवा. ब्राउझर आधीच चालू असेल तर नवा आयकॉन आपलं काम त्या चालू ब्राउझरकडे सोपवतो, आणि किऑस्कसारख्या आज्ञा वाऱ्यावर जातात. आधी सगळ्या खिडक्या बंद करा, मग पाहा.

एका संगणकावर घरातली दोन-तीन माणसं असतील, तर प्रत्येकासाठी वेगळं प्रोफाइल करावंच. त्यासाठी आज्ञा लिहायची गरज नाही. विंडोजवर क्रोमच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये डेस्कटॉपवर शॉर्टकट करायचं बटण आहे. ते चालू केलं की आईचा आयकॉन वेगळा, मुलाचा वेगळा, आणि एकाच्या ईमेलमध्ये दुसऱ्यानं उत्तर लिहिण्याचे घोटाळे संपतात. फायरफॉक्सला वजा चिन्ह आणि मोठ्या लिपीतलं पी दिलं की सुरू होतानाच तो कोणतं प्रोफाइल ते विचारतो.

आयकॉन टास्कबारवर चिकटवला, तर डावीकडून पहिल्याला विंडोज-१, दुसऱ्याला विंडोज-२ अशी कळ आपोआप मिळते. प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल-ऑल्ट आणि एखादं अक्षर अशी स्वतःची कळही ठरवता येते. फक्त कंट्रोल-ऑल्ट-४ घेऊ नका. भारतीय इंग्रजी कळफलकावर रुपयाचं चिन्ह त्याच कळांवर येतं.

ब्राउझरच्या मूळ कळाच बदलायच्या असतील, तर क्रोम हात बांधून ठेवतो. एक्स्टेंशन्सच्या पानावर ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ आहे, पण तिथे बदलतात त्या फक्त एक्स्टेंशन्सच्या कळा. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या यॉन फॉन टेट्झनर यांनी पुढे विवाल्डी हा ब्राउझर काढला. २०१६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेल्या या ब्राउझरमध्ये जवळपास प्रत्येक आज्ञेची कळ बदलता येते. हौस असेल त्यानं तिकडे जावं. बाकीच्यांचं चार शब्दांवर भागेल.

हा अंक खाली ठेवण्याआधी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या ब्राउझरचं ‘टार्गेट’ उघडून पाहा. सेटिंग्जमध्ये सगळं ठीक असूनही ब्राउझर सुरू करताच भलतंच पान उघडत असेल, तर कारण बहुधा इथेच दडलेलं असतं. फुकट प्रोग्रामांबरोबर घुसणारी उपद्रवी सॉफ्टवेअर या चौकटीत आपला पत्ता गुपचूप चिकटवतात. प्रोफाइलच्या किंवा ॲपच्या आयकॉनमध्ये दोन डॅशांनी सुरू होणारे शब्द असणारच, ते राहू द्या. पण तुम्ही न लिहिलेला एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर तो खोडा आणि मग संगणक अँटिव्हायरसनं तपासून घ्या, नाहीतर तो पुन्हा येईल. पुढच्या आठवड्यात उघड्या टॅबच्या ढिगाऱ्याकडे वळू.