निविदेतील दहा गुण

गेल्या गणेशोत्सवात आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब बेळगावास आला होता. वीस वर्षांपूर्वी तो इंग्लंडला गेला आणि तेथेच स्थिरावला. रुग्णालयांतील चादरी, अभ्रे आणि परिचारिकांचे गणवेश धुऊन, इस्त्री करून परत पोहोचविण्याचा त्याचा लहानसा व्यवसाय आहे. चौदा कुटुंबांची चूल त्यावर चालत असे. आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हाती घेऊन तो माझ्याजवळ बसला व म्हणाला, "सर, तुमचा विद्यार्थी यंदा नापास झाला."

हकीकत अशी. सहा वर्षे त्याच्याकडे असलेले एका रुग्णालयाचे काम नव्या निविदेत हातचे गेले. दर वाजवी, काम चोख, तक्रार एकही नाही, तरीही गेले. चौदांपैकी तिघांना त्याला कामावरून कमी करावे लागले. पुढे प्रत्येक प्रश्नाचे गुण त्याला कळविण्यात आले, तेव्हा उलगडा झाला. हवामानविषयक प्रश्नाला शंभरांपैकी दहा गुण होते. त्याने दोन पाने भरून लिहिले होते, की आम्हांस निसर्गाविषयी अत्यंत आस्था आहे. त्याला तेथे भोपळा मिळाला होता. "असा निबंध तुम्हीही नापासच केला असता," तो म्हणाला. मला नाही म्हणवेना.

चादरी धुणाऱ्याला हवामानाचा प्रश्न का, असे वाचकांस वाटेल. ब्रिटनने 2008 मध्ये हवामानबदलाविषयी कायदा केला आणि 2019 मध्ये तो अधिक कडक करून 2050 पर्यंत देशाचे उत्सर्जन 'निव्वळ शून्य' करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. निव्वळ शून्य म्हणजे जेवढा कर्बवायू हवेत सोडावयाचा, तेवढाच हवेतून काढून घ्यावयाचा. सरकार हे स्वतःच मोठे गिऱ्हाईक. तेव्हा खरेदी करतानाच ही अट घालावी, हे ओघाने आले. 30 सप्टेंबर 2021 पासून, वर्षाला 50 लाख पौंडांहून मोठ्या केंद्रीय कंत्राटांसाठी 'कर्बकपात आराखडा' अनिवार्य झाला. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 62 टक्के भाग पुरवठादारांच्या साखळीतून येतो. म्हणून आरोग्यसेवेने एप्रिल 2022 पासून निविदेच्या मूल्यमापनात निव्वळ शून्य व समाजहित यांना किमान दहा टक्के भार दिला आणि एप्रिल 2024 पासून लहान कंत्राटांनाही त्यांच्या प्रमाणात ही अट लागू केली. मोठ्यांकडून संपूर्ण आराखडा, तर लहानांकडून निदान निव्वळ शून्याचे लेखी वचन घेतले जाते.

या आराखड्यात गूढ असे काही नाही. तो मुख्यतः हिशेबच आहे. प्रथम एखादे वर्ष पायाभूत मानून त्या वर्षीचे उत्सर्जन मोजावयाचे. त्याचे तीन भाग. पहिला, स्वतःच्या बाष्पकातून आणि गाड्यांतून होणारे. दुसरा, विकत घेतलेल्या विजेमागचे. तिसरा, आपल्यासाठी इतरत्र होणारे, म्हणजे मालाची वाहतूक, कचरा, कामानिमित्तचा प्रवास, कामगारांचे जाणे-येणे. मग 2050 पर्यंत शून्यावर येण्याचे वचन, आजवर केलेले व पुढे करावयाचे उपाय. त्यावर संचालकाची सही हवी, तो सर्वांस वाचता येईल असा प्रसिद्ध झाला पाहिजे आणि दरवर्षी नवा केला पाहिजे.

निविदा हुकल्यावर एका हितचिंतकाने त्याला दुसऱ्या एका कंपनीचा तयार आराखडा आणून दिला. केवळ नाव बदलावयाचे होते. त्याने पावसाळ्यात मला दूरध्वनी केला तो याच विवंचनेत. मी इतकेच विचारले, "अरे, त्यांचे आकडे तुझ्या यंत्रांना कसे लागू पडतील? आणि उद्या कोणी तपासले तर?" त्याने ते कागद परत केले आणि वर्षाची गॅसची, विजेची व डिझेलची बिले काढून बसला.

तेव्हा त्याला त्याचाच धंदा नव्याने दिसला. पाणी कमी तापवावे, हा कोणालाही सुचणारा उपाय. पण रुग्णालयातील कपडे निर्जंतुक करण्यासाठी 65 अंशांवर दहा मिनिटे किंवा 71 अंशांवर तीन मिनिटे ठेवावेच लागतात. तेथे काटकसर म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. मात्र बाहेर सोडलेल्या गरम पाण्यातील उष्णता नव्या थंड पाण्याला देता येते, वाफेच्या नळ्यांवर आवरण चढविता येते, यंत्र पूर्ण भरल्याशिवाय न चालविणे शक्य असते, गाड्यांच्या फेऱ्या जुळविता येतात. यांपैकी नळ्या आणि फेऱ्या ही दोन कामे त्याने लगेच केली. उष्णतेच्या यंत्रासाठी कर्ज काढावे की नाही, या विचारात तो येथे आला होता.

आपल्याकडे अजून असा आराखडा सरसकट मागितला जात नाही, हे खरे. पण वारे वाहू लागले आहे. भारताने 2021 मध्ये ग्लासगो येथे 2070 हे निव्वळ शून्याचे वर्ष जाहीर केले. ठरावीक विद्युत उपकरणांच्या सरकारी खरेदीत ऊर्जाबचतीचे तारे पाहिले जातात. औष्णिक वीजकेंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत बांधकाम करणाऱ्यास, पर्याय महाग नसेल तर, राखेपासून केलेल्या विटा वापराव्या लागतात. म्हणून आमच्या उद्यमबागेतील ओतशाळांनी, किंवा इंदूर-बडोद्याच्या लहान कारखानदारांनी, आजच हिशेब शिकून ठेवणे शहाणपणाचे.

रीत सोपी आहे. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो, कारण ती बहुतांशी कोळशाची असते. ब्रिटनमध्ये शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर 2024 अखेर बंद झाले, तेथे हा आकडा 0.2 च्या आसपास आहे. एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो, आणि 19 किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे 57 किलो. महिन्याला 1,000 युनिटे आणि 50 लिटर डिझेल जाळणाऱ्या कारखान्याचे वर्षाचे उत्सर्जन साधारण दहा टन भरते. त्यांत आठ टनांहून अधिक विजेचे. तेव्हा हात प्रथम कोठे घालावा, हे आकडाच सांगतो.

शाळेत मी तीस वर्षे एकच गोष्ट पाहत आलो. मूल वर्गात हजर असले, तरी हजेरीपटावर खूण नसेल, तर सरकारदरबारी ते गैरहजरच. काटकसर आपल्या रक्तातच आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु निविदा उघडणारा अधिकारी आपल्या रक्ताकडे पाहत नाही, कागदाकडे पाहतो.

त्या विद्यार्थ्याने परत गेल्यावर दुसऱ्या एका रुग्णालयाची निविदा भरली आहे. निकाल अद्याप लागलेला नाही. या वेळी त्याने त्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्याच पानात लिहिले, आणि त्या अर्ध्या पानातला प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या बिलांतला आहे. काम मिळाले, तर कमी केलेल्या तिघांना तो प्रथम बोलावणार आहे.