स्पीड नंतर, आधी स्क्रू बघा!

अप्रायझल झालं, खिशात थोडे पैसे खुळखुळायला लागले की डोक्यात पहिला किडा वळवळतो तो नव्या लॅपटॉपचा. मग प्रोसेसर कुठला, रॅम किती, यावर कॅन्टीनमध्ये तावातावाने चर्चा झडतात. एसएसडीचा विषय निघाला की मात्र सगळे ‘पाचशे बारा आहे ना? मग बस्स!’ म्हणून मोकळे. अहो, तुमचे गोव्याचे फोटो, क्लायंटची प्रेझेंटेशन्स, टॅक्सची कागदपत्रं, सगळा संसार त्याच चिपवर थाटायचाय!

नव्या लॅपटॉपसाठी मी अलीकडेच लॅमिंग्टन रोड पालथा घातला. (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा!) प्रत्येक दुकानात एकच रेकॉर्ड. ‘मॅडम, जेन फोर आहे, सात हजारचा स्पीड!’ ऐकायला एकदम सॉलिड वाटतं. पण या सात हजाराचा फंडा जरा समजून घ्या.

लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचायची. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, नुसत्या फ्लॅश चिप्स. साटा प्रकारची एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमईची जेन ३ साडेतीन हजारांपर्यंत, जेन ४ सात हजारांपर्यंत. हार्ड डिस्कवरून यातल्या कुठल्याही एसएसडीवर आलात की लॅपटॉपला पंख फुटतात. पुढच्या उड्या मात्र ब्रोशरमध्येच जास्त उठून दिसतात. कारण हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे. आपलं काम म्हणजे मेल, एक्सेल आणि ब्राउझरचे चाळीस टॅब. तिथे जेन ३ आणि जेन ४ मधला फरक ओळखायला स्टॉपवॉच लागेल. दिवसभर फोर-के व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

मी दुकानदारांना दुसराच प्रश्न विचारायला लागले. ‘ही नंतर बदलता येते का?’ अर्धे जण गप्प! मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, म्हणजे पहिल्या दिवशी घेतलं तेवढंच शेवटपर्यंत. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो. एक छोटा स्क्रू काढला की जुनी बाहेर, नवी आत. फक्त माप बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. काही स्लिम मॉडेल्समध्ये ३० मिलिमीटरची बुटकी २२३० च बसते. दुसरा रिकामा स्लॉट असेल तर लॉटरीच! बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असतं, त्यात हे सगळं चित्रासकट मिळतं.

आता टीएलसी आणि क्यूएलसी. एका खोलीत तीन पीजी राहतात की चार, एवढाच तो मामला. टीएलसीच्या एका सेलमध्ये तीन बिट्स, क्यूएलसीत चार. चार कोंबले की भाडं स्वस्त पडतं, पण गर्दी होते. मोठा डेटा सलग कॉपी केला की क्यूएलसीचा वेग पार जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. आयुष्यही कमी. क्रुशियल पी३ या १ टीबीच्या क्यूएलसी ड्राइव्हवर कंपनीने २२० टीबी लिहिण्याची हमी दिली होती, तर सॅमसंग ९८० प्रो या टीएलसीवर ६०० टीबीची. पण टेन्शन नॉट! रोज ३० जीबी लिहिलं तरी २२० टीबी संपायला वीस वर्षं लागतील. ऑफिसच्या कामाला क्यूएलसी चालते. मी टीएलसी घेतली, कारण माझ्याकडे मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज ढिगाने येतात.

स्पीडसाठी ठेवलेले पैसे जागेवर घालवा, हे माझं स्पष्ट मत. ५१२ जीबी विंडोजमध्ये ४७६ च दिसतात, त्यात विंडोज स्वतःच पाय पसरून बसतं. आणि काठोकाठ भरलेली एसएसडी रांगायला लागते. ‘आत्ता छोटी घेऊ, नंतर स्वस्तात वाढवू’ हे जुनं गणितही आता खात्रीचं राहिलेलं नाही. एआयच्या डेटा सेंटर्सनी चिप्सची मागणी वाढवल्यामुळे २०२५ च्या अखेरीस भाव चढले. दोन्ही पर्यायांचे भाव त्याच दिवशी विचारा आणि पक्कं बिल घ्या. फुटपाथवर ‘१६ टीबी’ची एक्स्टर्नल एसएसडी दोन-तीन हजारांत दिसली तर सरळ पुढे चालायला लागा, ती बनावटच.

आणि एक. हार्ड डिस्कवरून डिलीट झालेली फाइल बऱ्याचदा परत मिळवता यायची. एसएसडीत ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा स्वतःहून साफ करते, मग रिकव्हरीवालाही हात वर करतो. म्हणून बॅकअप हवाच. जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी त्यासाठी मस्त कामाला येते, यूएसबीची केस घेऊन तिच्यात घालायची. केस घेताना आपली साटा आहे की एनव्हीएमई हे दुकानात सांगा. एम.२ मध्ये दोघी दिसायला जुळ्या बहिणी, पण बऱ्याच केसमध्ये दोघींपैकी एकच चालते.