मुलांच्या सोबतीला मुका जीव

आपल्या वस्तीत हा प्रसंग कोणत्या घरी घडला नाही? भर पावसात मुलगा कुठून तरी भिजलेले कुत्र्याचे पिल्लू शर्टात गुंडाळून आणतो आणि दारातच उभा राहून म्हणतो, "माय, याले ठेवू न वं घरी!" माय रागावते. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात पाण्याचे ड्रम आणि माणसेच पाच. "आपलंच भागत नाही, याले काय खाऊ घालू?" पिल्लू पुन्हा गल्लीत जाते आणि मुलगा त्या रात्री जेवत नाही.

मायचे म्हणणे खोटे नाही. तरीही 'नाही' म्हणण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते. प्राणी पाळणे ही सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतली चैन, असा आपला समज झाला आहे. पण फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातले ते छायाचित्र आठवा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव या सर्वांना आपण ओळखतो. त्याच छायाचित्रात बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. आणि आपल्या आजीच्या दारात बकरी व कोंबड्या होत्याच की!

घरातल्या लहान मुलाला सगळेच हुकूम करतात. आई, बाप, गुरुजी, मोठी ताई. त्याच्यावाचून ज्याचे अडते असा पहिला जीव म्हणजे हे पिल्लू. त्याला वेळेवर पाणी दिले नाही तर ते ओरडते. मग खेळ सोडून उठावेच लागते.

अमेरिकेत बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. कोणाशी न मिसळणारा एक मुलगा एकदा ठरल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे आला. त्यांचा कुत्रा जिंगल्स तिथे मोकळाच होता. मुलगा त्याच्याशी खेळू लागला आणि हळूहळू त्याच्या निमित्ताने डॉक्टरांशीही मोकळा झाला. लेविन्सन यांनी १९६२ साली यावर लेख लिहिला. आमच्या शेजारचा एक मुलगा वर्गात वाचताना अडखळायचा. घरी तो बकरीसमोर बसून मोठ्याने धडा वाचायचा. बकरी चुका काढत नाही, हसतही नाही.

बकरीवरून आमचीच एक गोष्ट सांगतो. लहानपणी आमच्या घरी एक बोकड वाढला. त्याला आम्ही रेल्वे लाइनच्या कडेने बाभळीच्या शेंगा वेचून आणून घालायचो. बकरी ईदच्या आधी एक दिवस शाळेतून आलो तर खुंटा रिकामा. "सुटून गेला," असे घरच्यांनी सांगितले. आम्ही तीन दिवस त्याला हाका मारत फिरलो. तो विकला होता आणि त्या पैशांत आम्हा भावंडांची वह्या-पुस्तके आली, हे पुष्कळ पुढे कळले. विकल्याचा राग आम्हाला नव्हता. गरिबी आम्हालाही दिसत होती. खोटे बोलल्याचा राग मात्र आजही गेलेला नाही. म्हणून पालकांनो, जनावर विकायचे असेल तर मुलाला ते पहिल्याच दिवशी सांगा. प्राणी मेला तरी 'गावाला गेला' म्हणू नका. मुलाला रडू द्या आणि जवळ बसा.

आता भीतीची गोष्ट. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस टोचून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. मुलाला कुत्रा किंवा मांजर चावले, नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच मेयो किंवा मेडिकल गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने काही जण आजही घरीच बसतात. ती जुनी लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात. मुले मार खाण्याच्या भीतीने चावल्याचे लपवतात, म्हणून "सांगितलं तर रागावणार नाही," हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. जेवत्या कुत्र्याला आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही, हेही शिकवा.

पोपट मात्र पिंजऱ्यात ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि घरात खरोखरच जागा नसेल तर? उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकतच ते अंग थंड करते. दाराबाहेर सावलीत मातीचे एक पसरट भांडे ठेवा. चिमण्याही येतील, गल्लीतला लाल्याही येईल. ते भांडे सकाळ-संध्याकाळ घासून भरण्याचे काम मुलाकडे द्या आणि आठ दिवस त्याला आठवण करून देऊ नका.